आपल्या पायाखालचे लोखंड : सिंधुदुर्गातील खडक, खनिजे आणि खाणकामगार

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात दरवर्षी वेंगुर्ले, सावंतवाडी आणि दोडामार्ग या तालुक्यांतून काही मुले दाखल होतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्यापैकी रेडीकडच्या एका मुलाने मला भर वर्गात विचारले, "सर, पुस्तकात झारखंडच्या आणि ओडिशाच्या लोखंडाचा धडा आहे. आमच्या गावच्या खाणीचा का नाही?" मी इतिहासाचा शिक्षक. भूगोलाच्या सरांकडे बोट दाखवून मला सुटका करून घेता आली असती. पण त्या रात्री मला माझी आते आठवली.

माझी आते तरुणपणी रेडीच्या बाजूला एका कंत्राटदाराच्या हाताखाली खनिजाच्या टोपल्या वाहत असे. लहानपणी मी तिच्या अंगणात पडलेला एक तांबडा धोंडा उचलू लागलो, तेव्हा ती हसून म्हणाली होती, "ह्यो नुसतो धोंडो नाय रे, ह्यां लोखांड आसा." एवढे तिला ठाऊक होते. ते लोखंड तेथे कसे आले, ते जहाजात बसून कोठे जाते, त्याचे मोल काय, हे तिला कोणी सांगितले नाही आणि विचारण्याची सोयही नव्हती. ज्यांनी हे खनिज डोक्यावरून वाहिले त्यांच्या घरी त्याची विद्या पोहोचली नाही, ही गोष्ट मला आजही बोचते. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा त्या मुलाचे आणि आतेचे असे दोन्ही प्रश्न एकदम फेडावेत, असे ठरविले.

खडकांची चार पाने

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. ही सीमा माणसांनी आखली. खडकांची सीमा त्याहून फार जुनी आहे आणि ती आपल्या जिल्ह्याच्या मधूनच जाते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टने झाकलेला आहे; परंतु सिंधुदुर्गात ही काळी चादर संपत येते आणि तिच्याखालचे प्राचीन खडक उघडे पडतात. खनिजांच्या दृष्टीने आपला जिल्हा महाराष्ट्राच्या इतर किनाऱ्याहून वेगळा आहे, तो या कारणाने.

सोयीसाठी आपण या भूमीला चार पानांचे पुस्तक समजू. सर्वांत खालचे पान आर्कीयन काळातील आहे. त्याचे वय सुमारे २५० कोटी वर्षे किंवा त्याहूनही अधिक. यात ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म आहेत आणि त्यांच्या सोबतीने धारवाडी खडक आहेत. धारवाडी खडक मूळचे समुद्रतळाचा गाळ आणि लाव्हा. प्रचंड दाब व उष्णता सोसून त्यांचे अभ्रकयुक्त सुभाजा, फायलाइट, क्वॉर्ट्झाइट अशा रूपांतरित खडकांत परिवर्तन झाले. आपले लोखंड याच पानावर लिहिलेले आहे. गोव्याच्या डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील खाणींचा पट्टाही याच खडकांचा. तेरेखोलची खाडी ओलांडली की राज्य बदलते, खडक बदलत नाही.

दुसरे पान कलादगी खडकांचे. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असलेल्या कलादगी या गावावरून हे नाव पडले. शंभर कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या वाळूचे हे वालुकाश्म आणि क्वॉर्ट्झाइट आहेत. कणकवली तालुक्यातील कासार्डे भागातील प्रसिद्ध सिलिका वाळू ही या पानाची देणगी.

तिसरे पान दक्खनच्या बेसॉल्टचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हाचे पूर आले आणि थरावर थर साचले. सह्याद्रीचे कडे त्यातून कोरले गेले. वैभववाडी आणि देवगडकडे हा काळा दगड भरपूर दिसतो, दक्षिणेकडे सरकावे तसा तो विरळ होत जातो.

चौथे पान सर्वांत वरचे आणि आपल्या सर्वांच्या ओळखीचे, म्हणजे जांभा. आपली घरे त्याच्या चिऱ्यांची, गडगे त्याचेच आणि गुरे चरतात तो सडाही त्याचाच. मुसळधार पाऊस आणि दमट उष्ण हवा यांनी खालचा खडक लाखो वर्षे धुऊन काढला. विरघळणारे घटक वाहून गेले. लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. जांभ्याचा तांबडा रंग हा लोहाचा रंग होय. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश निरीक्षकाने १८०७ साली केरळातील अशाच दगडाला 'लॅटेराइट' हे नाव दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. आपले गवंडी ही वीट त्याच्या कितीतरी आधीपासून तासत होते.

लोखंड दगडात कसे आले

धारवाडी खडकांत जेथे लोखंड सापडते तेथे एक विशिष्ट दगड असतो. त्यात तांबडे-काळे आणि पांढरट असे पातळ पट्टे एकाआड एक असतात. तांबडा-काळा पट्टा हेमॅटाइट या लोहखनिजाचा, पांढरट पट्टा सिलिकेचा. भूशास्त्रात यास पट्टेदार हेमॅटाइट क्वॉर्ट्झाइट म्हणतात.

या पट्ट्यांची कथा विलक्षण आहे. २५० कोटी वर्षांपूर्वीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात लोह विरघळून राहू शकते, त्यामुळे त्या काळच्या समुद्रात लोह भरपूर होते. मग सूक्ष्म हिरवट-निळे जीवाणू सूर्यप्रकाशावर अन्न तयार करू लागले आणि त्या क्रियेतून ऑक्सिजन बाहेर पडू लागला. लोह आणि ऑक्सिजन एकत्र आले, न विरघळणारे कण झाले आणि ते तळाशी बसले. पावसाळ्यात आपल्या छपराचा पत्रा गंजतो तीच ही क्रिया. तेव्हा मात्र समुद्रच्या समुद्र गंजला. लोहाचा एक थर, मग सिलिकेचा एक थर, असे कोट्यवधी वर्षे चालले. आज आपण श्वासात घेतो तो प्राणवायू आणि आपल्या कोयत्याचे लोखंड या दोहोंच्या इतिहासात ते डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. ही गोष्ट वर्गात सांगताना मुले ज्या शांततेने ऐकतात ती शांतता शिक्षकाला क्वचित लाभते.

परंतु हा पट्टेदार खडक म्हणजे विकण्याजोगे धातुक नव्हे. त्यात लोहाचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या आसपास असते, बाकी बहुतेक सिलिका. येथे आपल्या पावसाने दुसरे काम केले. जमिनीत मुरणाऱ्या पाण्याने दीर्घकाळ सिलिका विरघळवून नेली, तेव्हा उरलेल्या दगडात लोहाचे प्रमाण वाढत ५५ ते ६० टक्के किंवा त्याहूनही पुढे गेले. शुद्ध हेमॅटाइटमध्ये वजनाने ७० टक्के लोह असते, यावरून हे धातुक किती समृद्ध आहे ते ध्यानात येईल. काही ठिकाणी दगड टणक राहिला, काही ठिकाणी इतका पोकळ झाला की हाताने चुरडावा. गोवा आणि रेडी या पट्ट्यात असे भुसभुशीत, भुकटीसारखे धातुक पुष्कळ आहे. सोबत लिमोनाइट हे पिवळसर लोहखनिज आणि कोठे कोठे काळे मँगनीजही आढळते.

रेडीपासून कळण्यापर्यंत

महाराष्ट्राचे लोहखनिज मुख्यतः राज्याच्या दोन टोकांना आहे. पूर्वेला गडचिरोली व चंद्रपूर, तर नैर्ऋत्येला सिंधुदुर्ग. सुरजागड आणि लोहारा येथील साठे जंगलात आहेत. रेडीचे साठे अगदी समुद्राच्या कुशीत आहेत. खाणीपासून बंदर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे खनिज छोट्या बार्जमधून नेऊन खोल पाण्यात उभ्या असलेल्या जहाजावर चढविणे सोपे होते. येथील खाणकाम वाढले त्याचे मोठे कारण हेच. गोव्यातून १९४७ च्या सुमारास लोहखनिजाची पहिली लहानशी निर्यात झाली आणि पुढील दशकांत जपानच्या पोलाद कारखान्यांनी या साऱ्या पट्ट्याला मागणी दिली. या शतकाच्या आरंभी चीनची मागणी आली, तेव्हा गोव्याची निर्यात वर्षाला ५ कोटी टनांच्या पुढे गेली. नियमभंगांच्या तक्रारींची चौकशी न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाने केली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाचे खाणकाम थांबविले.

रेडीचे नाव सर्वदूर झाले ते वेगळ्या कारणाने. १९७६ साली तेथील खाणीत गणपतीची मूर्ती सापडली आणि आज तेथे यात्रेकरूंची रीघ असते. ती मूर्ती ज्या तांबड्या मातीतून वर आली, त्या मातीची कहाणी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

खाणीचे अर्थशास्त्र समजण्यास एक आकडा लक्षात ठेवावा. गोव्याच्या पट्ट्यात एक टन धातुक मिळविण्यासाठी सरासरी अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला काढावा लागतो. धातुक जहाजातून जाते, पण ही माती गावातच राहते. तिचे डोंगर रचले जातात आणि पावसात ती ओहोळात, ओहोळातून शेतात उतरते.

दुसरी गोष्ट पाण्याची. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाचे पाणी शोषून घेतो. त्याच्याखाली बहुधा पांढरट-गुलाबी चिकण मातीचा थर असतो, त्यावर हे पाणी अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. आपल्या कित्येक वाड्यांची पाणंद आणि परडे त्यावरच जगते. भुसभुशीत लोहधातुक हाही असाच पाण्याचा साठा असतो. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्यातील पाणी रात्रंदिवस उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी खाली जातात. लोखंड आणि पाणी एकाच कपाटात ठेवलेले आहे. एक काढताना दुसऱ्याला धक्का लागतो.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये मुसळधार पावसात खाणीच्या खड्ड्यात साठलेले पाणी कड फोडून बाहेर पडले. गाळाचा लोंढा घरांत, बागायतीत आणि शेतांत शिरला. एखाद्या पिढीने लावलेल्या माडा-पोफळीच्या बागेवर तासाभरात चिखल बसतो तेव्हा त्याची भरपाई कोणत्या कोष्टकात मांडावी, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांच्या मनात आला असेल.

लोखंडापलीकडची खनिजे

कासार्डे परिसरातील सिलिका वाळू काचेच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांना जाते. कणकवलीजवळ जानवली आणि वागदे येथे क्रोमाइटचे छोटे साठे आहेत. गंजरहित पोलादाला लागणारे क्रोमियम या काळ्या, जड दगडातून मिळते. जिल्ह्यात चिनी मातीही आहे. ती ग्रॅनाइटमधील फेल्स्पार कुजून तयार होते आणि भांडी, फरशा, कागद यांसाठी वापरली जाते. पावसाळ्यानंतर आपल्या पुळणीवर काळ्या रेतीचे पट्टे उमटतात. लाटा हलके पांढरे कण उचलून नेतात आणि इल्मेनाइट, मॅग्नेटाइट यांसारखे जड कण मागे ठेवतात.

सिलिकेविषयी एक सावधगिरीचा शब्द. सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात खोलवर बसते आणि त्यातून सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. कायद्याने तो खाणकामगारांचा नोंदणीयोग्य व्यवसायजन्य रोग मानला आहे. वाळू चाळणाऱ्या, दगड फोडणाऱ्या किंवा चिरे कापण्याच्या यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाने तोंडाला केवळ रुमाल बांधून भागत नाही, हे ध्यानात घ्यावे. धूळ पाण्याने बसविणे, योग्य मुखपट्टी आणि छातीची नियमित तपासणी हे त्याचे हक्क आहेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींचे भाऊबंद आजही चिरेखाणींवर आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

भट्टी ते जहाज

हे लोखंड परदेशी व्यापाऱ्यांनी शोधून काढले, असा समज होऊ नये. मालवणच्या आसपास चांगल्या प्रतीचे लोहखनिज मिळते, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वराच्या बाजूस, धावड नावाचे लोक जांभ्यातील लोहयुक्त दगड गाळून लोखंड करीत. मातीची उंच भट्टी, त्यात कोळसा आणि फोडलेले धातुक यांचे थर, खाली कातडी भाते. लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेल्सियस तापमान लागते. या भट्ट्या तेवढ्या तापत नसत. त्यामुळे लोखंड पाण्यासारखे न वाहता स्पंजासारख्या गोळ्याच्या रूपात जमे आणि मळ पातळ होऊन बाहेर येई. त्यालाच आपण लोहकीट म्हणतो. गोळा लाल असताना ठोकून ठोकून उरलेले कीट काढीत. हे श्रम अंगमेहनतीचे होते, तसेच बुद्धीचेही. कोणता दगड घ्यावा, भाता किती चालवावा आणि ज्वाळेचा रंग कोणता झाला की थांबावे, हे ज्ञान पुस्तकात नव्हते, हातांत होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून स्वस्त लोखंड आले, जंगलावर सरकारी निर्बंध आले, कोळसा महागला आणि हा धंदा विझला. ज्या समाजांकडे हे ज्ञान होते त्यांचे नाव इतिहासाच्या समासातही नीट राहिले नाही.

आपल्या पूर्वजांनी दगडाशी केलेला याहून जुना संवाद पाहायचा असेल तर मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर जावे. जांभ्याच्या कातळावर कोरलेली तेथील प्रागैतिहासिक शिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातील इतर कातळशिल्पांबरोबर समाविष्ट झाली. सडा ही 'पडीक' जमीन नव्हे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? चिरेखाणीचे यंत्र एका दिवसात जेवढा कातळ उचलते त्यावर काय कोरले होते, हे नंतर कोणास सांगता येत नाही.

टोपलीचे वजन

आता आतेकडे वळतो. साधारण दगड पाण्याच्या सुमारे २.७ पट जड असतो. हेमॅटाइट पाच पटींहून जड. खाणीतील सच्छिद्र धातुक शुद्ध हेमॅटाइटइतके जड नसले तरी सामान्य खडीहून बरेच जड भरते. म्हणजे टोपली तेवढीच, खेपेचा दर तोच, परंतु मानेवरचा भार अधिक. 'घनता' हा शब्द आतेने कधी ऐकला नव्हता. तिच्या मानेला तो ठाऊक होता. मी पदव्युत्तर शिक्षण घेतले तरी हा हिशेब मला चाळिशी उलटल्यावर सुचला, याची खंत वाटते.

खाणकामगारांचा प्रश्न शासनाच्या टेबलावर ठामपणे मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अग्रभागी होते. जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद परिसरातील कोळसा खाणींना भेट दिली, स्वतः खाणीत उतरून काम पाहिले आणि मजुरांच्या चाळी पाहिल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाणकामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून निघणाऱ्या मालावर उपकर बसवून त्यातून मजुरांची घरे, पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांवर खर्च करावा, हे त्याचे तत्त्व. १९४६ साली अभ्रक खाणींसाठी तशाच निधीचा कायदा झाला. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यातही त्यांच्या कारकिर्दीत सुधारणा झाल्या.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक अवघड पानही वाचले पाहिजे. युद्धकाळात कोळशाच्या टंचाईमुळे १९४३ साली सरकारने स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी तात्पुरती उठविली. त्यावर मध्यवर्ती विधिमंडळात टीका झाली तेव्हा सरकारची बाजू मांडण्याची जबाबदारी बाबासाहेबांवर आली. त्या चर्चेत त्यांनी स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व आग्रहाने पुढे ठेवले. युद्ध संपल्यावर १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. थोर माणसांनाही अवघड परिस्थितीत निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यातही ते कोणते तत्त्व सोडत नाहीत हे पाहायचे असते.

कोळशासाठी लावलेले हे रोप पुढे लोखंडापर्यंत आले. १९६१ साली लोहखनिज खाणकामगारांसाठी कल्याण उपकराचा कायदा झाला. १९७६ च्या कायद्याने लोह, मँगनीज व क्रोम या तिन्ही खनिजांना एकत्र आणले. माझ्या आतेच्या टोपलीवरही तो उपकर लागत असणार. त्या निधीतून तिच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू शकते, हे तिला कोणी सांगितले नाही. कायदा होता, पण तो तिच्या उंबऱ्यापर्यंत चालत आला नाही. पुढे हा उपकर रद्द झाला. आता २०१५ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असते. पट्टेधारकांना स्वामित्वधनाच्या ठरावीक टक्केवारीएवढी अधिक रक्कम त्यात भरावी लागते आणि ती खाणबाधित भागातील पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्च करावयाची असते. आपल्या गावासाठी त्यातून काय मंजूर झाले, हे माहितीच्या अधिकारात कोणीही विचारू शकतो. विचारणारा मात्र हवा.

जमीन वाचता येणे

जमिनीचा मालक आणि खनिजाचा मालक हे एकच असतात असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजांचे हक्क शासनाकडे आहेत. लोखंड, क्रोमाइट यांसारखी प्रमुख खनिजे १९५७ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात; जांभा आणि साधी वाळू ही गौण खनिजे राज्याच्या नियमांखाली. ज्यांच्याकडे जमीनच नाही, आणि आपल्या समाजातील अनेकांकडे ती नव्हती, त्यांचा या व्यवहाराशी संबंध फक्त मजुरीचा राहिला. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याच जमिनीच्या प्रश्नासाठी, आणि आपल्या आजच्या जिल्ह्याचा काही भाग तेव्हा त्या खोतीच्या रत्नागिरीतच होता.

आज परिस्थिती पूर्वीसारखी नाही. मोठ्या खाणीला परवानगी देण्यापूर्वी २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करावा लागतो आणि किमान ३० दिवसांची सूचना देऊन जाहीर सुनावणी घ्यावी लागते. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात आपल्या जिल्ह्यातील खाणकामाचा सविस्तर विचार केला. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावांना पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला. खाण हवी की नको, यावर गावोगाव मतभेद आहेत. ज्याच्या घरी चूल खाणीच्या पगारावर पेटते त्याला दोष देण्याचा अधिकार, ज्याला दरमहा वेतन मिळते त्या माझ्यासारख्या शिक्षकाला नाही.

माझे म्हणणे मर्यादित आहे. सुनावणीचा सारांश मराठीत मिळतो. जाडजूड अहवाल इंग्रजीत असतो, आणि त्यातील भूशास्त्राचे प्रकरण उघडून पाहणारा गावात बहुधा कोणीच नसतो. खड्डा भूजलाच्या किती खाली जाणार? माती कोठे टाकणार? खाण संपल्यावर खड्ड्याचे काय? हे तीन प्रश्न ज्याला विचारता येतात त्याचे 'हो' आणि त्याचे 'नाही' दोन्ही वजनदार असतात. ज्याला येत नाहीत, त्याच्या सहीचा फक्त उपयोग केला जातो. भाताचे पीक पुढच्या पावसात पुन्हा येते. धातुक एकदाच येते. २५० कोटी वर्षांची ठेव एका पिढीत मोडायची असेल तर निदान पासबुक त्या पिढीला वाचता यावे.

एक छोटी प्रयोगशाळा

शेवटी पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. विद्यालयात खडक-खनिजांचा संग्रह सुरू करण्याचा विचार आहे. त्यासाठी पैसा नको, गावचा एक दगड हवा. तपासणीची साधने घरातच आहेत. झिलई नसलेल्या फरशीच्या मागच्या बाजूवर दगड घासून पाहावा. हेमॅटाइटची रेघ तांबूस-तपकिरी उमटते, लिमोनाइटची पिवळसर-तपकिरी, मॅग्नेटाइटची काळी. लोहचुंबक पुळणीवरच्या काळ्या रेतीतून फिरवला की मॅग्नेटाइटचे कण त्याला चिकटतात. दगड प्रथम कोरडा तोलावा, मग दोरीने पाण्यात बुडवून तोलावा. कोरड्या वजनाला वजनातील घटीने भागले की घनता कळते. उत्तर २.७ च्या जवळ आले तर साधा दगड, चारच्या पुढे गेले तर धातुक असण्याचा संभव. मात्र चालू खाणीत, पाणी भरलेल्या खड्ड्याच्या काठावर किंवा कातळशिल्प असलेल्या सड्यावर कोणीही दगड काढू नये.

दगडासोबत एक कागद असावा. त्यावर गाव आणि वाडी, दगड कोठे मिळाला ती जागा, गावात त्याला काय म्हणतात ते नाव, आणि तुमच्या घरातील कोणी खाणीवर, चिरेखाणीवर किंवा बंदरावर काम केले असल्यास त्यांनी काय काम केले आणि काय मजुरी मिळाली, एवढे लिहावे. दगडाची माहिती भूगोलाचे शिक्षक लिहितील, कामाची माहिती मी वहीत उतरवून घेईन. दोन्ही एकाच कपाटात राहतील.

संग्रहातील पहिला दगड मी ठेवला आहे. आतेच्या अंगणातला, तांबडा आणि आकाराच्या मानाने जड. आते आता नाही. तिच्या कागदावर मजुरीची जागा कोरी आहे, कारण मी तिला ते कधी विचारले नाही. ज्यांच्या घरी विचारण्यासारखे माणूस अजून आहे, त्यांनी या सुट्टीत विचारावे.